प्रस्तावना : सांगणारा कोण?

१९६३ साली मराठीत दोन पुस्तकं निघाली. एक भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी आणि दुसरं बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. दोघांचंही ते पहिलंच पुस्तक. 'कोसला' सांगणारा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला आहे. बागुलांच्या शीर्षककथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला आणि तिथे जात लपवून राहिलेला तरुण आहे. दोघंही 'मी' म्हणूनच बोलतात. पण कोणतंही एक पान झाकून, लेखकाचं नाव न सांगता वाचून दाखवलं तरी कोण बोलतंय ते ओळखू येतं. सांगवीकर आपल्या दुःखाजवळ आला की वाक्य मध्येच वळवतो, 'वगैरे' म्हणून पुढे निघून जातो. बागुलांचा निवेदक वळत नाही. तो वाक्यावर वाक्य चढवत नेतो, ऐकणाऱ्याला सैल सोडत नाही. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच सर्वनामातून निघालेले हे दोन आवाज एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले तर दोन्ही पुस्तकं मोडून पडतील.

हे कशानं होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कोणीतरी सांगतं की तुमचा स्वतःचा आवाज शोधा. सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण त्यानं नवा लेखक भलतीकडे जातो. आपल्या अंतरंगात कुठेतरी एक तयार आवाज दडून बसला आहे, तो खणून काढला की झालं, असं त्याला वाटतं. मग तो विचित्र विरामचिन्हं वापरतो, क्रियापदं उलटीसुलटी करतो, उपमांवर उपमा रचतो. लेखन वेगळं दिसतं, पण बोलत नाही. माझं म्हणणं असं आहे की आवाज असा तयार सापडत नाही. सांगणारा कोण आहे आणि तो कुणापुढे बोलतो आहे, हे लेखकानं आधी पक्कं ठरवावं लागतं. मग त्या माणसाला जे दिसणार नाही, कळणार नाही, उच्चारता येणार नाही, ते सगळं गाळण्याची तयारी ठेवावी लागते. या गाळण्यातून आवाज घडत जातो. मराठी गद्याचा इतिहास या अंगानं पाहिला तर या म्हणण्याला भरपूर पुरावा मिळतो, म्हणून आधी त्या इतिहासाकडे वळतो.

मराठीत सांगण्याची कला कादंबरीच्या फार आधीची आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या, आणि 'लीळाचरित्र' उभं राहिलं. छोटी वाक्यं, प्रसंगाची जागा आणि वेळ, कोण काय बोललं त्याची नोंद, आणि त्यावर लेखकाचं भाष्य जवळजवळ नाही. आपण साक्षीदारांचं सांगणं टिपतो आहोत, त्यात आपली भर घालायची नाही, ही शिस्त त्या गद्यात आहे, आणि तिनंच त्याला ओळख दिली आहे. बखरींचा बाज वेगळा. पानिपतानंतरची 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना दरबारात उभा राहून सांगणारा माणूस दिसतो, त्याला श्रोत्यांवर छाप पाडायची आहे आणि हळहळायचंही आहे. कीर्तन, पोवाडा, लावणी आणि जात्यावरच्या ओव्या यांतून सांगण्याच्या आणखी किती तरी तऱ्हा मराठी माणसाच्या कानात मुरलेल्या होत्या.

याच संदर्भात एका पुस्तकाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, जरी ते कथा-कादंबरीत मोडत नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. १८५७च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या या भिक्षुकानं जे पाहिलं ते लिहून ठेवलं. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी ते प्रसिद्ध केलं, पण करताना आपल्या काळाला रुचेल असे फेरफार केले. पुढे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून ते पुन्हा छापलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणं हा आवाज म्हणजे काय ते कळण्याचा उत्तम धडा आहे. घटना त्याच, माणसं तीच, झाशीही तीच. पण मूळ मजकुरातला भिक्षुक दक्षिणेचा हिशेब, सोवळंओवळं, भूक, भीती आणि कुतूहल हे सगळं एकाच पट्टीत बोलतो. कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं किरकोळ, याची त्याची स्वतःची समजूत आहे. संपादकाचा हात फिरला की पहिला धक्का खाते ती ही समजूत. जे लेखक आपलंच पहिलं टिपण 'सुधारून' गुळगुळीत करतात, ते स्वतःच्या बाबतीत नेमकं हेच करत असतात.

छापील मराठी कादंबरीची सुरुवात १८५७ साली बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून धरतात. त्यानंतरच्या 'मुक्तामाला', 'मोचनगड' या कादंबऱ्यांतून गद्य चालू लागलं, पण त्यातला सांगणारा बहुधा उपदेशक किंवा रंजक गोष्ट रचणारा पंडित. त्याच काळात कथेबाहेर मात्र विलक्षण आवाज उमटत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, आणि तिच्यातला संताप आजही कोऱ्या करकरीत शब्दांतून अंगावर येतो. कादंबरीला या आवाजांपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला.

पहिली मोठी झेप हरि नारायण आपट्यांची. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८९३ साली पुस्तक झाली. ती यमू सांगते. एका पुरुष लेखकानं पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या मुलीच्या तोंडून, लहानपणापासून केशवपनापर्यंतची हकीकत सांगवली. आपटे सुधारक होते. त्यांना काय म्हणायचं आहे ते त्यांना स्वतः कितीही जोरात म्हणता आलं असतं. पण यमूला जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं, हे बंधन त्यांनी बऱ्याच अंशी पाळलं. माजघरातलं बोलणं, सासरच्या माणसांचे स्वभाव, शंकरमामंजींसारख्या माणसाची दहशत, हे सगळं यमूच्या नजरेच्या उंचीवरून येतं. सुधारणेचा युक्तिवाद पुस्तकात कुठेकुठे शिरतो आणि त्या जागा आज शिळ्या झाल्या आहेत. यमूचं सांगणं शिळं झालेलं नाही. लेखकानं स्वतःला आवरलं तिथे आवाज टिकला, आवरलं नाही तिथे तो काळानं खाल्ला. मराठी कादंबरीत हा नियम पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे इथे दिसतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंत्राचा बोलबाला झाला. ना. सी. फडके यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ साली आलं, आणि कथा कशी बांधावी, उत्कंठा कशी राखावी, हे मराठीत पहिल्यांदाच इतक्या पद्धतशीरपणे शिकवलं गेलं. ते पुस्तक नंतर फार टीकेचं धनी झालं, तरी कथालेखन शिकता येतं हे त्यानं मान्य करायला लावलं, याचं श्रेय द्यायला हवं. उणीव अशी होती की गोष्ट कोणत्याही तोंडातून आली तरी भाषा एकाच लालित्यानं बोलायची. खांडेकरांची भाषा आणखी अलंकारांनी भरलेली. त्यांच्या बऱ्याच नंतरच्या 'ययाति'त देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाति आपापल्या परीनं बोलतात, ही रचना मोठी कल्पक आहे. पण तिघांचीही वाणी बऱ्याचदा खांडेकरांचीच ऐकू येते. तंत्राच्या त्या काळातच 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलं आणि त्यानं खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाशिवाय राहिलेल्या स्त्रियांच्या मनातलं बोलणारी ही बाई कोण, याचीच चर्चा झाली. मालती बेडेकर यांनी नाव झाकलं म्हणून त्यांना ते बोलता आलं. आवाजाला कधी कधी असं आडोशाचं साहाय्य लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नंतरची पिढी तंत्रावर रुसली. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस'नं १९४२ साली संज्ञाप्रवाह मराठी कादंबरीत आणून पाहिला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा 'अभिरुची', 'सत्यकथा' अशा मासिकांतून फुलली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाबरोबर हस्तलिखितावर बसत, शब्दाशब्दावर चर्चा करत. गाडगिळांनी मनाचे चोरकप्पे उघडले. माडगूळकरांनी केलं ते मला अधिक अवघड वाटतं. 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. तिचा निवेदक धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आहे. तो बाहेरचा आहे, वाडीतलं सगळं त्याला कळत नाही, आणि कळल्याचा आवही तो आणत नाही. शेवटी दुष्काळानं वाडी उठते तेव्हाही तो गळा काढत नाही. त्या साध्या, कोरड्या वाक्यांमागे किती वाक्यं खोडली गेली असतील, याचा विचार लिहिणाऱ्यानं करावा.

जी. ए. कुलकर्णी याच काळात आले आणि सगळ्यांपासून दूर, धारवाडला राहून लिहीत राहिले. 'निळा सावळा'पासून 'काजळमाया', 'पिंगळावेळ'पर्यंत त्यांचं गद्य इतकं ओळखीचं झालं की त्यांच्या मागे अनुकरणाची लाट उठली. पण अनुकरण करणाऱ्यांनी उचलल्या त्या उपमा, नियतीचे उल्लेख, काळोख. त्यांच्या निवेदकाची जी खरी जागा होती, घडणारं सगळं आधीच पाहिलेल्या आणि तरीही थांबवू न शकणाऱ्या माणसाची, ती कोणी घेतली नाही. उपमा त्या जागेतून येत होत्या. जागा सोडून उपमा घेतल्या की त्या सजावट होतात. जी. एं.नी इंग्रजीतून भरपूर अनुवाद केले, कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या. दुसऱ्याचा आवाज आपल्या भाषेत धरायचा प्रयत्न करताना आपल्या हाताचं वळण आपल्यालाच दिसू लागतं. नव्या लेखकानं छापण्यासाठी नाही तरी सरावासाठी अनुवाद करावा, असं मी आग्रहानं सांगतो.

आता बोलीचा प्रश्न, ज्यावर मराठीत सर्वाधिक गोंधळ आहे. फार काळ रीत अशी होती की पात्रांनी बोलीत बोलायचं आणि लेखकानं प्रमाण भाषेत सांगायचं. 'बनगरवाडी' तशीच, उद्धव शेळके यांची वऱ्हाडातली 'धग' (१९६०) बहुतांशी तशीच, आणि दोन्ही उत्तम आहेत. पण या वाटणीत एक गृहीत दडलेलं असतं. खेड्यातला माणूस बोलू शकतो, पण सांगू शकत नाही. जगणं त्याचं, अर्थ लावणं मात्र शिकलेल्याचं. गो. नी. दांडेकर यांनी 'पडघवली'त (१९५५) कोकणातल्या एका बाईलाच तिच्या भाषेत सगळं सांगू दिलं. भाऊ पाध्ये यांनी 'वासूनाका'त (१९६५) मुंबईच्या नाक्यावरच्या पोक्याला बोलू दिलं आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. त्या वादळात अश्लीलतेची चर्चा झाली, पण खरी धिटाई अशी होती की पोक्याच्या डोक्यावर बसून त्याला समजावून सांगणारा कोणी सुसंस्कृत निवेदक पाध्यांनी ठेवलाच नाही. आणि मग १९७१ साली आनंद यादव यांची 'गोतावळा'. शेतावर राबणारा गडी नारबा आपल्या बोलीत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मळ्यातल्या जनावरांविषयी आणि ट्रॅक्टर आल्यावर ती कशी जातात त्याविषयी सांगतो. यंत्रानं शेती बदलली हे प्रमाण भाषेत कितीही लिहिता येईल. जनावरं म्हणजेच घरचा गोतावळा असलेल्या माणसाला ते कसं जाणवलं, हे नारबाच्या बोलीवाचून लिहिता येत नव्हतं.

मात्र बोली वापरली की आवाज आपोआप येतो, हा समज 'गोतावळा'नंतर पसरला आणि त्यानं बरंच नुकसान केलं. 'व्हतं', 'न्हाई', 'आन्' अशी रूपं पेरली आणि वाक्याची घडण, विचाराची दिशा पुस्तकीच राहिली, तर ते वेषांतर ठरतं. उलट बागुलांकडे पाहा. दलित वस्तीतलं जगणं त्यांनी प्रमाण, भारदस्त, कधी कधी भाषणासारख्या चढत्या गद्यात लिहिलं. ज्या भाषेनं आजवर आपल्याला बाहेर ठेवलं तिच्यावरच हक्क सांगायचा, हा त्यांचा निर्णय होता. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'त (१९५९) लोकनाट्य आणि पोवाड्याच्या मंचावर कमावलेली लय कादंबरीत आणली. वाचक समोर बसलेला आहे आणि रात्र जागवायची आहे, असं ते गद्य चालतं. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) आणखी वेगळी युक्ती योजली. तिथे एकाच माणसाचे दोन भाग, शिकून शहरात स्थिरावलेला एक आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू दुसरा, समोरासमोर बसतात. सांगणारा एक, ऐकणारा दुसरा. आत्मकथन असूनही मराठी कथात्म लेखनाला निवेदकाविषयी इतकं शिकवणारी पुस्तकं थोडी आहेत.

समीक्षेतही या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली गेली. तंत्रवाद्यांना आवाज म्हणजे शैलीचा डौल वाटला. 'सत्यकथे'च्या परंपरेनं त्याला अनुभवाशी एकनिष्ठ राहण्यातून येणारं रूप मानलं. नेमाड्यांच्या देशीवादानं तो लेखकाच्या भाषिक समाजात, त्याच्या परंपरेत शोधला, आणि महानुभावांच्या गद्याशी आधुनिक कादंबरीचं नातं जोडलं. दलित आणि स्त्रीवादी समीक्षेनं बोलण्याचा हक्क कुणाला होता आणि कुणाला नाकारला गेला, हे विचारलं. रशियन विचारवंत बाख्तिनच्या वाचनानंतर कादंबरीत एकच आवाज नसतो, अनेक आवाजांची झटापट असते, हा विचार मराठीत रुजला. माझा कल शेवटच्या दोन्हींकडे आहे. पण 'सत्यकथे'च्या मंडळींनी हस्तलिखितावर घेतलेल्या कष्टांची जागा कोणत्याही सिद्धान्तानं भरून निघत नाही, हेही मला तितकंच ठामपणे म्हणायचं आहे.

साठनंतरच्या दशकांत वाटा इतक्या फुटल्या की सगळ्यांची नोंद इथे शक्य नाही. कमल देसाई यांनी वास्तवाचा पाया काढून घेतला आणि तरी बाईचा आवाज ठाम ठेवला. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'नं (१९८०) स्वतंत्र बुद्धीच्या स्त्रीला मोकळेपणानं, स्वतःशीच वाद घालत बोलू दिलं. मेघना पेठे यांनी 'हंस अकेला'त शहरी बाईची भाषा आणखी उघडी केली. किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'नं (१९७४) काळाचे तुकडे केले. विलास सारंग मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत राहिले, आणि त्यांचं मराठी मुद्दाम निर्विकार ठेवलेलं आहे. श्याम मनोहर अगदी छोट्या, सपाट वाक्यांत मध्यमवर्गीय माणसाच्या डोक्यातले प्रश्न मांडतात. जयंत पवार यांनी गिरणगावातल्या माणसांच्या गोष्टी सांगताना, गोष्ट सांगणं म्हणजे काय हाच प्रश्न कथेत आणला. सांगली जिल्ह्यातल्या जत भागातल्या भाषेत लिहिलेल्या नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'ला २०१८चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा नारबाची वाट अजून वाहती आहे हे दिसलं.

इतिहास इथे थांबवून कामाच्या गोष्टीकडे वळतो. आवाज प्रत्यक्षात घडतो तो व्याकरणाच्या बारीक निवडींतून, आणि मराठीनं लेखकाच्या हाती दिलेली साधनं फार सूक्ष्म आहेत. 'मी भाकरी खाल्ली' या वाक्यात बोलणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही. 'मी घरी गेलो' म्हटलं की लगेच कळतं. कोल्हापूरकडच्या खेड्यांत बाईही 'मी जातो' म्हणते, म्हणजे तिथल्या निवेदिकेपुढे वेगळाच पर्याय आहे. 'तो पुण्याला गेला' आणि 'तो पुण्याला गेला म्हणे' यांत सांगणाऱ्याची जबाबदारी बदलते. 'म्हणे' या एका शब्दानं अख्खं गाव निवेदकाच्या पाठीशी उभं करता येतं. 'आपण' म्हटलं की वाचक घरात आला, 'आम्ही' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. 'करायचा' हे रूप सवय सांगतं, 'केलं' हे घटना सांगतं, आणि नव्या लेखकांच्या निम्म्या कथा या दोहोंतला फरक विसरल्यामुळे ढिल्या पडतात. सासऱ्याला 'ते' म्हणणारी सून एखाद्या प्रसंगी मनातल्या मनात 'तो' म्हणाली, की पानभर मनोविश्लेषणाची गरज उरत नाही.

हा विषय आजच मांडण्याची निकड मला वाटते, त्याला कारणं आहेत. ज्यांच्या घरात आधी कोणी लिहिलं नव्हतं अशी मुलं-मुली मोठ्या संख्येनं कथा लिहीत आहेत. दिवाळी अंक आहेत, छोट्या प्रकाशनसंस्था आहेत, फोनवर रोज लिहिणारे हजारो हात आहेत. पण 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडल्यानंतर हस्तलिखितावर लेखकाबरोबर बसणारा संपादक दुर्मीळ झाला. नव्या लेखकाला दाद ताबडतोब मिळते, वाचन मात्र मिळत नाही. दाद मिळाली ते वळण पुन्हा पुन्हा गिरवलं जातं आणि वर्षभरात सगळ्यांचं लेखन सारखं ऐकू येऊ लागतं. 'कोसला'नंतर एका अख्ख्या पिढीच्या लेखनात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' शिरले होते, पण तेव्हा अनुकरणाला निदान एक थोर पुस्तक होतं. आता तर यंत्रंही मागाल त्या विषयावर नीटस प्रमाण मराठी लिहून देऊ लागली आहेत. हे गद्य चुकत नाही, अडखळत नाही, आणि ते कुणाचंच नसतं. ज्या लेखकाची सारी मदार शुद्ध, प्रवाही, सर्वांना आवडेल अशा भाषेवर आहे, त्याचं काम यंत्र करू शकतं. अमक्या गावच्या, अमक्या वयाच्या, अमकं लपवणाऱ्या माणसाचं सांगणं मात्र त्या माणसाला ऐकलेल्या लेखकालाच लिहावं लागेल.

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. मलाही तो झाला. पण भाषेचं वय सिद्ध होणं आणि भाषेत नवे सांगणारे निपजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांतल्या किती जणांच्या बोलण्याचा ढंग कथेत उतरला आहे? झाडीपट्टी, मराठवाड्याचे तांडे, पालघरचे पाडे, बेळगाव-गोव्याच्या सीमेवरची मिश्र मराठी, बडोदा-इंदूरची जुनी घराणी, आखातात आणि अमेरिकेत वाढलेल्या मुलांचं अर्धं मराठी. यांतलं फारच थोडं छापलं गेलं आहे.

आता या पुस्तकाविषयी. हे मराठी कथेचा इतिहास नाही. त्यासाठी कुसुमावती देशपांडे यांचं 'मराठी कादंबरी : पहिले शतक' आणि इंदुमती शेवडे यांचं 'मराठी कथा : उद्गम आणि विकास' आहेत, आणि ती वाचावीतच. हे तंत्राचं पाठ्यपुस्तकही नाही. कथानक कसं रचावं, शेवट कसा करावा, याविषयी यात जवळजवळ काही नाही. इथे प्रयत्न एवढाच आहे की मराठीतले निवेदक एकेक करून जवळून ऐकावेत, त्यांनी काय सांगितलं यापेक्षा काय सांगायचं टाळलं ते पाहावं, आणि मग वाचकानं स्वतः लिहून पाहावं. त्यासाठी सराव दिले आहेत. एकच घटना आई, शेजारीण आणि पोलिसपाटील यांच्या तोंडून लिहिणं, आपल्या निवेदकाला माहीत नसलेल्या शब्दांची यादी करून ते सगळे मजकुरातून काढणं, घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाचं सांगणं ध्वनिमुद्रित करून, एकही वाक्य न सुधारता उतरवून काढणं. हे शेवटचं काम दिसतं तितकं सोपं नाही. हात आपोआप दुरुस्त्या करू लागतो, आणि कुठे करतो ते पाहिलं की आपण कुणाला खूश करायला लिहितो ते कळतं.

निवडीबद्दल आक्षेप येतील, आणि यायला हवेत. काही मोठे लेखक इथे ओझरते आले आहेत, कारण त्यांची थोरवी निवेदकात नसून कथानकात किंवा विचारात आहे असं मला वाटतं. कवितेला हात लावलेला नाही. नाटकातले संवाद हा स्वतंत्र विषय आहे. आत्मकथनं मात्र मुद्दाम घेतली, कारण 'बलुतं' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वगळून मराठी निवेदकाविषयी बोलणं मला अप्रामाणिक वाटलं असतं.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक मनातल्या मनात वाचू नका. यात ज्या पुस्तकांची चर्चा आहे ती मिळवून त्यांची पानं मोठ्यानं वाचा, आणि मग स्वतःचं लिहिलेलंही कुणाला तरी वाचून दाखवा. ऐकणारा जिथे कंटाळेल ती वाक्यं बहुधा तुमच्या निवेदकाची नसतात. ज्यांच्या बोलीत अजून एकही कथा छापली गेलेली नाही, त्यांनी यातली उदाहरणं बाजूला ठेवून आपली लिहावीत आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवावीत. पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा द्यायची आहे.